पैनगंगा ओलांडली, सोनौली बाकी आहे

सोनौलीची कमान ओलांडून बस नेपाळात शिरते, तेव्हा हातातल्या फोनवर पहिला बदल दिसतो तो घड्याळात. वेळ १५ मिनिटं पुढे सरकते, कारण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा तेवढंच पुढे आहे. मग वरच्या पट्टीवरचं आपल्या कंपनीचं नाव जातं, तिथे नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेल असं नवं नाव येतं आणि पाठोपाठ एक लांबलचक इंग्रजी संदेश. बसमधली मंडळी यवतमाळ, आर्णी, दिग्रस, दारव्ह्याकडची. बोधगया, सारनाथ, कुशीनगर झालं, आता लुंबिनी. पुढच्या सीटवरचा एखादा पोरगा मागे वळून सांगतो, “मावशी, नेट बंद करा न, पैसे कटतीन.” मावशी घाबरून फोनच बंद करतात आणि पिशवीत ठेवून देतात. ज्या जागेच्या दर्शनासाठी एवढा प्रवास केला, तिथून नातवाला एक फोटो पाठवायचा राहून जातो.

नेपाळात जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, व्हिसाही लागत नाही; मतदार ओळखपत्र पुरतं. त्यामुळे विमानाची पायरी कधी न चढलेली माणसंही लुंबिनीला आणि पशुपतिनाथाला जाऊन येतात. माणसाच्या लेखी ती यात्रा असते. मोबाईलच्या लेखी मात्र तो परदेश, आणि तिथे आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर लागतात. हा प्रश्न फक्त अमेरिकेला जाणाऱ्या इंजिनिअरचा आहे, असं मानणाऱ्यांनी एकदा त्या बसमध्ये बसून पाहावं.

परदेशात मोबाईलचा डेटा वापरणं या सगळ्या प्रश्नाचा आढावा इथे घेतो आहे: यंत्रणा कशी चालते, बिल का फुगतं, आपल्या जिल्ह्यातून कोण बाहेर जातं, त्यांच्यापुढे कोणते मार्ग आहेत, कायदा काय देतो आणि त्याने काय द्यायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डेटा सीमेपलीकडून वाहून आणण्याचा खर्च गेल्या पंधरा-वीस वर्षांत खूप खाली आला आहे. आज रोमिंगच्या नावाने जे जास्तीचे पैसे जातात, त्यांतला मोठा भाग हा माहिती नसण्याचा दंड आहे, आणि तो पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या माणसाला भरावा लागतो.

पैनगंगेवरचं रोमिंग

यवतमाळ जिल्ह्याला रोमिंग शिकवलं ते पैनगंगेने. पांढरकवड्याहून पाटणबोरी, पिंपळखुटीचा नाका आणि नदीवरचा पूल ओलांडला की आदिलाबाद. जून २०१४ पर्यंत ते आंध्र प्रदेशात होतं, मग तेलंगणात गेलं; दूरसंचाराच्या नकाशावर मात्र तो सगळा भाग आजही आंध्र प्रदेश सर्कलमध्येच मोडतो. आपण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. टॉवरला नदी कळत नाही, फोनला जिल्हा कळत नाही. काठावरच्या शिवारात उभं राहिलं आणि पलीकडच्या टॉवरचा जोर जास्त निघाला, की आपल्याच वावरात उभा असलेला माणूस रोमिंगमध्ये जायचा. आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे.

ही भिंत कशी पडली, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१३ पासून देशांतर्गत रोमिंगमधल्या इनकमिंगला मिनिटाला ७५ पैशांची कमाल मर्यादा घातली. १ मे २०१५ पासून ती ४५ पैशांवर आणली. त्याच वर्षी जूनमध्ये बीएसएनएलने आपल्या ग्राहकांना रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली ती देशभर रोमिंग नाही असं सांगतच. एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही देशांतर्गत रोमिंगचे पैसे बंद केले. आज आदिलाबादच्या बाजारात फोन उचलताना कोणी विचार करत नाही. लहान पोरांना ‘रोमिंग लागलं’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं.

म्हणजे आधी नियामकाने दर दाबले, मग एका सरकारी कंपनीने पाऊल उचललं, मग स्पर्धेने उरलेलं काम केलं. पैनगंगेवर जे झालं ते सोनौलीवर का होऊ नये, हा या लेखाचा गाभा आहे. पण त्याआधी यंत्रणा पाहू.

फोन परदेशात काय करतो

सिमकार्डमध्ये एक लांब क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५. लुंबिनीत फोन सुरू केला की तो तिथल्या टॉवरला हा क्रमांक कळवतो. नेपाळची कंपनी भारतातल्या कंपनीला विचारते, हा ग्राहक तुमचाच का, याला बाहेर बोलायची आणि डेटा वापरायची मुभा आहे का. होकार आला की रेंज मिळते. हे सारं काही सेकंदांत होतं. दोन कंपन्यांमध्ये रोमिंगचा करार असेल तरच होतं. नसेल तर फोन ‘नो सर्व्हिस’ दाखवतो.

पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तुम्ही लुंबिनीत बसून बातमी उघडली, तरी तो डेटा बहुतेक वेळा नेपाळातून थेट इंटरनेटवर जात नाही. तो कंपन्यांमधल्या एका खासगी जाळ्यातून आधी भारतात, आपल्या कंपनीच्या दारापर्यंत येतो आणि तिथून बाहेर पडतो. म्हणून रोमिंगमध्ये फोन वापरताना संकेतस्थळांना तुम्ही भारतातच आहात असं वाटतं. याचे दोन परिणाम होतात. लांबच्या देशात नेट थोडं संथ वाटतं, कारण प्रत्येक मागणी घरी येऊन परत जाते. आणि चीनसारख्या देशात तिथल्या सिमवर गूगल, व्हॉट्सअॅप उघडत नाही, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर ते चालतं.

आणखी एक अट फोनच्या पिढीची. जपानमध्ये आपल्याकडच्या टूजीचं जाळं कधी नव्हतंच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. वडिलांचा जुना बटणांचा फोन गावात कितीही चांगला चालत असला, तरी या देशांत तो मुका होतो. मुलाकडे जायच्या आधी फोरजीचा फोन आणि फोरजीवरून कॉल लागण्याची सोय, दोन्ही तपासून घ्यावं.

बिल का फुगतं

पॅक न घेता डेटा सुरू राहिला, तर साध्या दराने आकारणी होते आणि ती बहुधा १० केबीच्या टप्प्यांनी मोजली जाते. समजा १० केबीला ५ रुपये दर आहे. ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण एका एमबीत असे शंभराहून जास्त टप्पे असतात, म्हणजे एका एमबीचे ५०० रुपयांवर गेले. मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. देशात रोज दीड-दोन जीबी वापरायची सवय झालेल्या माणसाला एमबीचा हिशेब उरलेलाच नसतो, म्हणून धोका त्याच्या ध्यानात येत नाही.

शिवाय फोन माणसाला न विचारता डेटा वापरतो. अॅप आपोआप अद्ययावत होतात, फोटोंची प्रत गूगलवर चढते, घराण्याच्या ग्रुपवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओ स्वतःहून उतरतात. फोन खिशात असतो आणि मीटर पळत असतं.

तिसरं कारण हिशेबाच्या उशिराचं. वापर परदेशी कंपनीच्या जाळ्यात झालेला असतो. तिने त्याच्या नोंदी पाठवल्या की मग आपल्या कंपनीला कळतं. जगभरच्या मोबाईल कंपन्यांनी फसवणूक रोखण्यासाठी या नोंदी चार तासांच्या आत पोचवण्याची पद्धत बसवली, पण चार तासही थोडे नाहीत. ‘तुमचा वापर मर्यादेपलीकडे गेला आहे’ हा संदेश काही वेळा नुकसान झाल्यावर येतो.

प्रीपेड आणि पोस्टपेडमधला फरक इथे मोठा आहे. प्रीपेडवर बॅलन्स संपला की विषय संपतो. नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. पोस्टपेडवर बिल वाढत राहू शकतं, आणि ते घरी परतल्यावर हातात पडतं. समुद्रातल्या पर्यटन जहाजावर आणि विमानात टॉवरचं काम उपग्रहावरून चालतं. तिथला दर वेगळा असतो आणि जमिनीवरच्या देशासाठी घेतलेला पॅक तिथे चालत नाही. जहाजावर किंवा विमानात पाय ठेवताच विमान मोड लावून द्यावा, हे उत्तम.

आपल्याकडून कोण जातं, कुणाला काय लागतं

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. इथून परदेशाची वाट रुंद नाही, पण ती आहे आणि तिचे प्रकार वेगवेगळे आहेत.

पहिले यात्रेकरू. लुंबिनीचा उल्लेख आलाच. पुसद, उमरखेड, दिग्रस, यवतमाळ, वणी इथून हजला आणि उमऱ्याला जाणारी कुटुंबं आहेत. हजच्या विमानांसाठी नागपूर हे एक ठरलेलं उड्डाणस्थळ. या यात्रेत डेटा आता सोयीपुरता राहिलेला नाही. मदिनेत रौज्यात जाण्याची परवानगी ‘नुसुक’ या सौदी अॅपवरून काढावी लागते. भारत सरकारनेही मार्च २०२४ मध्ये ‘हज सुविधा’ हे अॅप आणलं. गर्दीत वाट चुकलेल्या साठी-सत्तरीतल्या माणसाला आपला तंबू शोधायचा, तर नकाशा उघडायला नेट हवं. सौदीत नवं सिम घेताना बोटांचे ठसे द्यावे लागतात. शेतात आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे यंत्र पटकन धरत नाही, हे आपण रेशन दुकानात पाहतोच. तीच अडचण तिथेही उभी राहू शकते. अशा माणसासाठी घरूनच भारतीय नंबरवर पॅक टाकून देणं जास्त सुरक्षित.

दुसरे विद्यार्थी. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि यवतमाळचं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय यांतून शिकलेली मुलं पुणे-हैदराबादमार्गे बाहेर पोचली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. यवतमाळमधून काम उभं राहिलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनने घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवली. तिचे संस्थापक राजू केंद्रे स्वतः २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. अशा घरांत परदेशी जाणारं ते पहिलं माणूस असतं. विमानतळावर उतरल्यावर काय करायचं, हे सांगणारा काका-मामा नसतो. विद्यार्थ्याला रोमिंग लागतं ते फार तर पहिले दोन-चार दिवस, खोलीचा पत्ता सापडेपर्यंत आणि तिथलं सिम मिळेपर्यंत. जर्मनीत जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. अमेरिकेत प्रीपेड सिमला ओळखपत्राची सक्ती नाही. देशागणिक ही वाट बदलते.

तिसरे आईवडील. मुलगी बाळंत होणार म्हणून चार-सहा महिने जाणारी आई, किंवा मुलाचं घर बघायला निघालेले बाबा. त्यांचा बराच वेळ घरच्या वायफायवर जातो. त्यांना डेटा लागतो तो प्रवासात, विमान बदलताना, आणि मुलगा नोकरीवर असताना एकटं फिरायला बाहेर पडल्यावर. चौथे शेतकरी. कृषी विभागाच्या परदेश अभ्यास दौऱ्यांत जाणारा शेतकरी आठ-दहा दिवसांत दोन-तीन देश पाहतो. त्याला एकाच देशाचं सिम उपयोगी नाही. अनेक देशांत चालणारा पॅकच हवा. शिवाय ठिबकची नवी जोडणी दिसली की तिचा व्हिडिओ त्याला तिथूनच भावाला दाखवायचा असतो. तो दौऱ्याचाच भाग आहे.

चार वाटा

पहिली वाट, आपल्या भारतीय नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक. दर बदलत असतात, म्हणून आकडे देत नाही. पण पाहायच्या गोष्टी पाच. यादीत आपला देश आहे का. विमान बदलायचा देशही आहे का. डेटा किती आणि तो संपल्यावर काय, नेट थांबतं की साध्या दराने सुरू राहतं. इनकमिंग कॉल त्यात धरले आहेत का. आणि दिवस मोजायला कधी सुरुवात होते, पॅक घेतल्यापासून की तिकडच्या टॉवरला फोन लागल्यापासून. पॅक निघायच्या आदल्या दिवशी घ्यावा आणि सेवा सुरू झाल्याचा संदेश जपून ठेवावा.

दुसरी वाट, त्या देशाचं सिम. महिनाभराहून जास्त राहायचं असेल तर हीच सर्वांत स्वस्त. तोटा एवढाच, की ते मिळेपर्यंत तुम्ही नेटशिवाय असता, आणि विमानतळावरची दुकानं शहरापेक्षा महाग असू शकतात. आखाती देशांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवर संदेश जातात, पण त्यावरचे कॉल चालत नाहीत. तिथले लोक बोटिमसारखी परवानगी असलेली अॅप वापरतात. घरच्यांनाही आधीच ते घालून द्यावं.

तिसरी वाट ई-सिम. फोनमध्येच बसवलेली चिप, दुकानात न जाता घरी बसून भरायची. अनेक परदेशी कंपन्या ती अॅपवरून विकतात. पण भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची ना-हरकत लागते, आणि ग्राहकाची ओळख तपासावी लागते. ना-हरकत नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये अशा दोन प्रसिद्ध अॅपना भारतातल्या अॅप स्टोअरमधून काढायला सरकारने सांगितलं. ना-हरकत असलेले भारतीय विक्रेते आहेत, त्यांच्याकडून घ्यावं. स्वस्तात मिळालेल्या अनोळखी अॅपला पासपोर्टची प्रत देऊ नये.

चौथी वाट, नुसतं वायफाय. हॉटेल, विमानतळ, मुलाचं घर. नकाशा आधीच उतरवून ठेवला, तिकिटांचे फोटो फोनमध्ये साठवले, तर छोट्या सहलीत हेही पुरतं. फक्त उघड्या वायफायवर बँकेचा व्यवहार करू नये.

वाट कुठलीही निवडा, निघण्यापूर्वी दहा मिनिटं फोनला द्यावीत. डेटा रोमिंगचं बटण कुठे आहे ते शोधून बंद करावं. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये रोमिंगसाठी वेगळी ओळ असते. तिथल्या फोटो-व्हिडिओच्या खुणा काढाव्यात. फोटोंची प्रत चढवणं वायफायपुरतं ठेवावं. दोन सिमचा फोन असेल तर डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय बंद करावी, नाहीतर तिकडचं सिम कमजोर झालं की फोन गुपचूप भारतीय सिमवर जातो.

नंबर जपायचा

परदेशी जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात डेटाचा खर्च असतो. त्याहून मोठी गोष्ट नंबरची आहे. बँक, आधार, शिष्यवृत्तीचा अर्ज, शैक्षणिक कर्ज, सगळं एका दहा आकडी नंबरला बांधलेलं. ओटीपी त्यावरच येतो. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. म्हणून सर्वांत चांगली व्यवस्था अशी: एका खाचेत भारतीय सिम, त्यावर डेटा रोमिंग बंद, दुसऱ्या खाचेत तिकडचं सिम, त्यावर नेट. फक्त निघण्यापूर्वी भारतीय नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू करून घ्यावी. ती नसेल तर तिकडे रेंजच येत नाही आणि ओटीपीही नाही.

नंबर न वापरता ठेवला तर काय होतं? ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीही झालं नाही तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. २० रुपयांचा बॅलन्स असेल तर तो राखून ठेवायची तरतूद आहे. प्रत्यक्षात इनकमिंग चालू राहायला कंपनीचं किमान वैधतेचं रिचार्जही लागतं. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे तुमच्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या फोनवर. वर्ष-दोन वर्षांसाठी गेलेल्या मुलाचा नंबर घरच्यांनी रिचार्ज करत राहणं, हे विजेचं बिल भरण्याइतकंच जरूरीचं आहे.

इथे एक नवा नियम येऊन मिळतो. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, सिग्नलसारख्या अॅपना निर्देश दिले, की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच अॅप चालावं. परदेशातून भारतीय नंबर वापरून होणारी फसवणूक रोखणं हा त्याचा हेतू. रोमिंगमध्ये सिम फोनमध्येच असल्याने अडचण नाही. पण आजवर कित्येक विद्यार्थी भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचे आणि व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर वापरायचे. ती सवय आता सोडलेली बरी.

बाहेर स्थायिक झालेल्यांसाठी एक दिलासाही आहे. जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने अनिवासी खात्यांना परदेशी नंबरवरून यूपीआय वापरायची वाट उघडली. सुरुवात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग आणि चार आखाती देशांपासून झाली. नंबर आणि पैसा यांची गाठ हळूहळू सैल होते आहे. पूर्ण सुटायला वेळ आहे.

जगाने काय केलं

आपल्याकडे हा प्रश्न अजून पॅकच्या जाहिरातींत अडकला आहे. युरोपीय संघाने तो कायद्याने सोडवला. २००७ मध्ये पहिला नियम आला, तो कॉलच्या दरावर. जुलै २०१० पासून डेटासाठी ५० युरोची आपोआप लागणारी मर्यादा आली: तेवढा खर्च झाला की ग्राहकाने मुद्दाम हो म्हटल्याशिवाय नेट थांबायचं. २०१२ मध्ये ग्राहकासाठी एका एमबीची कमाल किंमत ७० सेंट ठरली, पुढच्या दोन वर्षांत ती २० सेंटवर आली. १५ जून २०१७ पासून संघातल्या कुठल्याही देशात घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. जर्मनीतलं सिम घेतलेला आपला विद्यार्थी आज पॅरिसला गेला, तर त्याच्या मनात रोमिंगचा विचार येत नाही.

त्यातून हिशेब उघडा पडला. कंपन्या एकमेकींकडून रोमिंगच्या डेटाचे जे घाऊक पैसे घेऊ शकतात, त्याची कमाल मर्यादा २०१७ मध्ये एका जीबीला ७.७० युरो होती. २०२५ मध्ये ती १.३० युरोवर आली, आणि पुढेही टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. एवढ्यात काम भागतं, हे खंडभराच्या अनुभवाने दाखवून दिलं. उलटा धडा ब्रिटनने दिला. संघातून बाहेर पडल्यावर कायद्याचं छत्र गेलं, आणि २०२२ पासून तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली. तंत्र तेच, टॉवर तेच. फक्त नियम गेला आणि दर परत आले.

तक्रार कुठे करायची

ट्रायने मे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चर्चापत्र काढलं. ग्राहकाला अचानक बसणारा बिलाचा धक्का हाच त्याचा विषय होता. पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करायची आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, तेही विनामूल्य. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५.

त्याने भागलं नाही तर ग्राहक आयोग. दूरसंचाराचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असा युक्तिवाद पूर्वी व्हायचा. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात तो निकाली काढला. ग्राहक आयोगाला असे वाद ऐकायचा अधिकार आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे वापर दुबईत झाला, कंपनीचं मुख्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असलं, तरी घाटंजीच्या माणसाला यवतमाळच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. ही ताकद आपल्या हातात आहे, पण ती वापरायला पुरावा लागतो: पॅक घेतल्याचा संदेश, डेटा बंद असल्याचं पडद्याचं छायाचित्र, बिलाचा तपशील.

बाकी राहिलेलं काम

आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जाणकार माणसासाठी हा प्रश्न जवळपास सुटला आहे. त्याच्याकडे दोन सिमचा फोन आहे, क्रेडिट कार्ड आहे, इंग्रजी वाचता येतं. त्याचा खर्च दिवसाला एका जेवणाच्या आत राहतो. जड जातं ते हजला निघालेल्या आजोबांना, पहिल्यांदा विमानात बसलेल्या विद्यार्थिनीला, आणि बसने नेपाळात शिरलेल्या मावशींना. सेवा तीच, पण जो कमी जाणतो त्याला ती महाग पडते. अशी रचना न्याय्य म्हणता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, पॅक नसलेल्या नंबरवर परदेशात डेटा मुळातच बंद असावा, आणि ग्राहकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय सुरू होऊ नये. पोस्टपेडला रुपयांतली कमाल मर्यादा आपोआप लागावी. दोन, सीमा ओलांडल्यावर येणारा संदेश ग्राहकाच्या भाषेत यावा, आणि त्यात दर एमबीमागे लिहिलेला असावा, १० केबीमागे नाही. तीन, शेजाऱ्यांपासून सुरुवात करावी. ज्या देशात जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, त्या देशात फोनला तरी परकेपणाचा कर का लागावा? भारत आणि नेपाळ यांनी मिळून घाऊक दर ठरवले, तर लुंबिनी, पशुपतिनाथ, आणि उलट दिशेने बोधगया-काशीला येणारे नेपाळी यात्रेकरू, सगळ्यांचं भलं होईल.

तोवर काम आपल्यालाही आहे. यात्रा कंपनीच्या माहितीपत्रकात जेवण आणि निवासाच्या ओळींखाली फोनची एक ओळ असावी. हजच्या प्रशिक्षण शिबिरात अर्धा तास फोनसाठी काढावा. महाविद्यालयांनी परदेशी निघालेल्या मुलांना व्हिसाबरोबर सिमचंही सांगावं. आणि घराघरांतल्या नातवंडांनी आजीचा फोन हातात घेऊन तिच्यासमोर, तिला दाखवत, ती बटणं लावून द्यावीत. म्हणजे पुढच्या वेळी ती स्वतः लावेल.

दहा-बारा वर्षांपूर्वी पैनगंगेच्या पुलावर फोन वाजला की माणूस आधी नदी पाहायचा आणि मग फोन उचलायचा. आज तिथे कोणी थांबत नाही. लुंबिनीत मायादेवी मंदिरासमोर उभ्या असलेल्या मावशींनीही तसंच, न थांबता, फोन पिशवीतून काढावा आणि दिग्रसमधल्या नातवाला म्हणावं, “पाय रे बाबू, बुद्ध इथं जन्मले.”